मामांची खारी बाग

मातीची चिमूट उचलायची, तळहातावर चोळायची, खडा-काडी फुंकून टाकायची आणि उरलेली भुकटी जिभेच्या टोकावर ठेवायची. मग डोळे मिटायचे. आमटीत मीठ बेताचं पडलंय का हे आपण बघतो ना, अगदी तसंच. मग बाजूला थुंकायचं, खांद्यावरच्या टॉवेलनं ओठ पुसायचे आणि निकाल द्यायचा.

“गोडी हाय.” नाहीतर, “नाय, हितं काय खरं नाय.”

रोह्याच्या ज्या कंपनीत माझी सारी नोकरी झाली, तिथे माळीकामावर रुजू झालेल्या या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं ते हे असं. तेही मुख्य दारापाशी, मोठ्या साहेबांची गाडी आत येत असताना. आमची कंपनी रंगांसाठी लागणारी रसायनं बनवायची. तिथली माती कोणी तोंडात घातलेली पाहून सेफ्टी ऑफिसरांचा जीव अर्धा झाला. आठवड्याभरात बागेत पाटी लागली: ‘उद्यानातील माती चाखण्यास सक्त मनाई आहे.’ अशी पाटी जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. एकाच माणसासाठी लावलेली ती पाटी रोज सकाळी तोच माणूस ओल्या फडक्यानं पुसायचा.

मी एकदा म्हटलं, “मामा, पाटी नुसती पुसता, की वाचताही?”

“वाचली ना ताई. पन माती वाचायची तर जीभच लागते.”

मामा त्यांना सगळेच म्हणत. साहेब, कॅन्टीनवाले, गेटवरचे शिपाई, सगळे. माझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठे असतील, पण मीही मामाच म्हणायची. पुढे पुढे ते माती चाखायचे कॅन्टीनच्या मागे, कोणी बघत नसताना. एका उन्हाळ्यात ऑफिससमोरची हिरवळ पिवळी पडायला लागली. पुण्याहून एक सल्लागार आले, त्यांनी खतं सांगितली, औषधं सांगितली. मामा बाजूला उभे राहून म्हणाले, “बोरिंगचं पानी मचूळ झालंय.” कोणी लक्ष दिलं नाही. दहा दिवसांनी लॅबनं पाणी तपासलं, तर मामांचंच खरं. त्यानंतर सेफ्टी ऑफिसर कुठे नवीन झाड लावायचं असलं की इकडेतिकडे बघून हळूच विचारायचे, “मामा, काय म्हणते जीभ?”

ही जीभ तयार कशी झाली, ते सांगायला हवं. मामा धरमतरच्या खाडीकाठचे. घराणं मिठागरातलं. आजा मिठागरात, बाप मिठागरात, आई तर पन्नास वर्षं मिठागरात. लहानपणी घराच्या अंगणात एक तुळस सोडली तर हिरवं काही नसायचं, आणि तुळसही डब्यात, कारण जमिनीत लावली की मरायची. मिठागरं एकेक करून बंद पडली तेव्हा मामांनी मिळेल ते काम केलं. जेट्टीवर बार्जमधला माल उतरवला, पेणला एका रोपवाटिकेत पिशव्या भरल्या. त्या पिशव्या भरताना त्यांना गोडी, बिनमिठाची माती पहिल्यांदा कळली. “ताई, खोटं नाय सांगत,” ते म्हणायचे, “पयल्या दिवशी ती माती मी नुसती हुंगत बसलो. मालकाला वाटलं, हा मानूस कामाचा नाय.”

कंपनीत मी प्रशासनात होते, आणि बागेची फाइल दुसऱ्या कोणाला नको होती म्हणून माझ्याकडे आली होती. त्या फाइलमुळे आमची ओळख घट्ट झाली. रोज संध्याकाळी मामा गेटपासवर माझी सही घ्यायला येत. पासवर मजकूर ठरलेला: ‘सुका पाला, एक पिशवी.’ बागेत दिवसभर झाडून गोळा केलेला पाला ते पिशवीत दाबून भरत आणि पेणमार्गे आपल्या गावी घेऊन जात. मी पेणची, त्यामुळे पुष्कळदा एकाच गाडीनं परतत असू. मी खिडकीशी, मामा दारापाशी पिशवीवर हात ठेवून. कासू स्टेशन गेलं की ते उठून पिशवी खांद्यावर घ्यायचे, पेण यायला अजून अवकाश असला तरी.

गेटवर एकदा नवा अधिकारी आला. त्याला हा पास पटेना. पाला कोण नेतो घरी? त्यानं पिशवी रस्त्यावर ओतायला लावली. पाला निघाला, मग पाला, मग आणखी पाला आणि तळाशी जेवणाचा रिकामा डबा. “डबा का लपवला?” अधिकाऱ्यानं विचारलं. मामा म्हणाले, “साहेब, ऊब मिळते त्याला.” मग दोघांनी बसून पाला पुन्हा भरला.

तो पाला जायचा खाडीकाठच्या त्या अंगणात. घराभोवती त्यांनी वीतभर उंचीचे वाफे उचलले होते, आणि रोजची एक पिशवी त्यात जिरत होती. पाला, शेण, पावसाचं पाणी. दर पावसाळ्यात मीठ थोडं खाली जाई, दर उन्हाळ्यात ते थोडं वर येई. हे किती वर्षं चाललं? मी सही करायला लागले तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. ती आठवीत गेली तेव्हा तिथे शेवंती फुलली.

आता मामांच्या घरच्यांची ओळख करून देते. घरात चार माणसं. मामा, मामी, मुलगी आणि मामांची आई. आईला सगळे आय म्हणत. मामींचा आवाज मोठा आणि मत ठाम: “जे शिजत नाय ते लावायचं कशाला?” अंगणाचा एक भाग त्यांनी आपल्याकडे ठेवला होता, तिथे तोंडली, शिराळी आणि वालाचे वेल. मुलगी पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. एका श्वासात एक डोळा. तिचा हात असा स्थिर, की बापाची कलमंही तीच बांधायची. आणि आय. ऐंशी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, पायांची कातडी मिठानं खाऊन सालीसारखी झालेली. ती बागेकडे पाठ करून बसायची. खाडीकडे तोंड.

रोह्याला दर वर्षी माघी गणपतीच्या आसपास एका शाळेच्या मैदानावर फुलांचं प्रदर्शन भरायचं. कंपनीचे गुलाब त्यात असायचेच. बक्षीसही बहुतेक वर्षी असायचं आणि चषक घ्यायला मोठे साहेब जायचे. मामा त्या वेळी मंचासमोर नसायचेच. ते मंडपात, घरच्यांना घेऊन.

त्यांची प्रदर्शन बघायची रीत होती, आणि ती मोडायची कोणाला परवानगी नव्हती. पहिली फेरी मुकाट. कोणी बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, नुसतं चालत जायचं आणि बघायचं. “पयल्या फेरीला तोंड बंद. फुलाला आधी आपल्याला बघू द्या.” दुसऱ्या फेरीला प्रत्येकानं आपलं एक झाड निवडायचं आणि ते का निवडलं हे बाकीच्यांना पटवून द्यायचं. पंचांनी कशाला कुठली फीत लावली आहे ते बघायचं नाही. आणि तिसरी फेरी खात खात, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. ऑर्किडच्या टेबलापाशी जवळ्याचा वास दरवळला की लोक वळून बघायचे. मामींना त्याचं काही नसायचं. “फुलांचा वास आमी घेतो, आमचा त्यांनी घ्यावा.”

एका वर्षी मामांनी मला विचारलं, “ताई, तुमच्या घरचे कुठायत?”

मी सांगितलं, नवरा झोपलाय, रविवार आहे. मुलगी मोबाइलवर.

“अवो, मग तुमी एकट्या कसं बघनार? दुसऱ्या फेरीला भांडायला मानूस नको?”

हे मला लागलं. खरं सांगायचं तर आमच्या घरात त्या काळात भांडायलाही कोणाला वेळ नव्हता. तिघे तीन खोल्यांत. पुढच्या वर्षी मी दोघांना ओढून नेलं. पहिल्या मुकाट फेरीला माझी मुलगी कंटाळून पाय घासत चालत होती. दुसऱ्या फेरीला मामांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, “साहेब, तुमचं झाड कोनतं?” नवऱ्यानं सुटका करून घेण्यासाठी भाजी विभागातला पहिला दिसलेला कोबी दाखवला. मला वाटलं, सगळे हसतील. मामा गंभीरपणे कोबीसमोर बसले, पानं बाजूला करून बघितली आणि म्हणाले, “बरोबर. ह्याला कोनी बघत नाय. पन किती नीट घडी घातलीय बघा, लुगड्यावानी.” मग नवऱ्याला चेव आला. त्यानं कोबीच्या बाजूनं पाच मिनिटं भाषण केलं. मामींनी त्याला पाठिंबा दिला, कारण कोबी शिजतो. माझी मुलगी निवडुंगाच्या बाजूनं दोघांशी तावातावानं भांडली. घरी जाताना ती म्हणाली, “आई, आपण पुढच्या वर्षी पण येऊ या.” त्या दिवसापासून माझा नवरा दर वर्षी कोबीच निवडतो.

त्यानंतर हा आमचा सणच झाला. प्रदर्शन झालं की दुपारनंतर त्यांच्या अंगणात पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा-मीठ, मडकं उपडं करून भोवती जाळ. शेंगा सोलत, बोटं भाजून घेत, पुन्हा त्या झाडांची भांडणं. आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं, बाग बघणं म्हणजे गप्प राहून सुंदर म्हणायचं. मला त्या अंगणात कळलं की ती भांडायची गोष्ट आहे, फक्त भांडणारी माणसं आपली हवीत.

मग एका वर्षी प्रदर्शनवाल्यांनी नवा विभाग काढला, ‘कुटुंबाची बाग’. प्रत्येक घराला एक टेबल. त्यावर आपल्याच अंगणात वाढलेलं मांडायचं, विकत आणलेलं काही नाही. मामांच्या मुलीनं तो कागद घरी आणला. चार दिवस गेटपासवर सही घेताना मामांचा चेहरा बघण्यासारखा होता. शेवटी म्हणाले, “ताई, आमी देतो नाव. साहेबांच्या चषकाचं मला काय नाय. गुलाब कंपनीचे, चषक कंपनीचा. पन अंगन माजं हाय.”

त्या वर्षी बागही तशीच होती. मी दसऱ्याला गेले होते. शेवंतीला बोरासारख्या कळ्या लागलेल्या, चार रंगांच्या. अबोली, जास्वंद, गुलाबाची सहा झाडं. मामींची तोंडली ओसरीवर चढलेली. मामांनी वाफ्यातली चिमूट माझ्यासमोर धरली. “चाखा.” मी चाखली. मला नुसती माती लागली, पण मी म्हटलं, “गोडी हाय.” मामा इतके खूश झाले की त्यांनी मला तीन वेळा चहा पाजला.

दिवाळीच्या अमावास्येला उधाण आलं आणि गावाच्या बांधाला खांड गेली. बांध फुटून मोठं भगदाड पडलं आणि खाडी आत आली. घरं वाचली. गावातली सगळी माणसं चिखलात उतरली, त्यांनी तीन भरत्या झुंजून खांड बुजवली, मामाही त्यांच्यात होते. पण अंगणात दोन दिवस गुडघाभर खारं पाणी उभं होतं. ते ओसरलं तेव्हा शेवंती उभी होती, पण आठ दिवसांत तिचा एकेक देठ तपकिरी झाला. पाऊस संपलेला. मीठ धुवायला आता आषाढाशिवाय उपाय नव्हता.

मामा पाच दिवसांनी कामावर आले. नेहमीसारखे वाफे खणले, पाइप लावला, पाटी पुसली. संध्याकाळी मी पासाचं पुस्तक उघडून बसले. ते आलेच नाहीत. खिडकीतून बघितलं तर मामा गेटबाहेर पडत होते, दोन्ही हात रिकामे. दुसऱ्या दिवशीही तसंच. गाडीतही ते दारापाशी न थांबता आत येऊन बसले, आणि कासू गेलं तरी उठले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांचे रिकामे हात मी पाहिलेच नव्हते. मी म्हटलं, “मामा, पाला साठलाय.” ते म्हणाले, “जाळा, ताई.”

रविवारी आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. मामी आम्हाला बघून ओसरीवरूनच ओरडल्या, “या, बघा, काय ठेवलंय मेल्या खाडीनं!” त्या रोज बांधावर उभ्या राहून खाडीला शिव्या देत होत्या, शेजारच्या बायकाही त्यांना साथ द्यायला जायच्या असं त्यांच्या मुलीनं सांगितलं. मामा वाफ्याच्या कडेला बसले होते. माझा नवरा त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मामांची मुलगी म्हणाली, “बाबा, नाव मागं घ्यायचं तर उद्या शेवटचा दिवस हाय.” मामा म्हणाले, “घे.”

तेव्हा आय बोलली. मी त्या घरी इतकी वर्षं जात होते, पण तिचा आवाज नीट ऐकला तो त्या दिवशी.

“काय घे? कशापायी घे?” ती काठी टेकत उठली. “पन्नास वर्सं मी खाऱ्यात उभी व्हते. मला काय फुलं दिसली नसतील? तू लांबून माती आनलीस, लांबून रोपं आनलीस. हितं काय हाय ते कधी मला इचारलंस का, पोरा?”

मामांनी मान वर केली.

“ऊठ. चल माज्यासंगं.”

ती घरामागे गेली, आम्ही सगळे तिच्या मागे. तिथे पाणी सर्वांत जास्त दिवस उभं राहिलं होतं. आणि तिथे जमीन तांबडी होती. मोरस. खाडीकाठी उगवणारी, बोटभर उंचीची, रसरशीत पानांची भाजी. मिठात वाढते आणि हिवाळ्यात लाल होत जाते. वाऱ्यानं सगळा तांबडा पट्टा हलत होता. त्याच्या पलीकडे बांधाला टेकून मारांडी, काटेरी पानांची. “हिला निळी फुलं येतात, माघात येतील,” आय म्हणाली. पलीकडे भेंडीचं झाड, भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठचं मोठं झाड, सकाळी पिवळं फुलणारं आणि संध्याकाळी लालसर होऊन गळणारं. रुई होती. आणि मामांच्याच वाफ्यातून पळून आलेली सदाफुली, पाणी चढलं तरी न मेलेली.

आय काठीनं एकेक दाखवत होती आणि सांगत होती. मिठागरात दुपारी डोळे भाजायचे, तेव्हा मारांडीच्या निळ्याकडे बघायचं. पहिली मुलगी झाली तेव्हा पाळण्याला बांधायला फुलं नव्हती, तर भेंडीची बांधली. मोरस खाऊन एक अख्खा दुष्काळ काढला. मामा ऐकत होते. साठीला आलेला माणूस पहिल्या इयत्तेत बसल्यासारखा. मग खाली वाकून त्यांनी मोरसाचं पान तोडलं, तोंडात टाकलं आणि चावता चावता त्यांना हसू फुटलं. ते हसू थांबेचना.

“आय गो,” ते म्हणाले, “बाग तर तुझीच झाली ही!”

पुढचे अडीच महिने त्या घरात नुसती धामधूम. मोरस उचलून तबकांत लावायची, तिला रोज खाडीचं पाणी घालायचं. गोडं घातलं तर ती रुसते, असं आयचं म्हणणं. मारांडी काढताना सगळ्यांचे हात रक्ताळले. ती कुंडीत जगेना, दोनदा मेली. तिसऱ्या वेळी आयनं कुंडीत चिखल स्वतः भरला आणि रोप उभं राहिलं. संध्याकाळी मामा पासावर सही घ्यायला पुन्हा यायला लागले. पिशवीत पाला, कारण शेवंतीचे वाफे काही त्यांनी सोडले नव्हते. “आषाढात मीठ धुतलं जाईल, ताई. तवा परत बघू.” माझी मुलगी शनिवार-रविवार तिथेच असायची. नावाच्या पाट्या मामांच्या मुलीनं लिहिल्या, गणपतीच्या डोळ्यांच्या कुंचल्यानं.

प्रदर्शनाच्या दिवशी आमचं टेबल दोन भरगच्च टेबलांच्या मधे आलं. डावीकडे बोन्साय, उजवीकडे रोह्याच्या एका कुटुंबाची शेवंती, चाळीस कुंड्या, एकापेक्षा एक. मधे आम्ही. तांबड्या मोरसाची तीन तबकं, भेंडीच्या फांद्या, सदाफुली, रुई आणि मारांडीचा एकुलता एक निळा तुरा, जो आदल्याच दिवशी उमलला होता. टेबलामागे खुर्चीवर आय, तांबडं नऊवारी नेसलेली. फॉर्मवर ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून मामांच्या मुलीनं आयचंच नाव घातलं होतं.

पहिला तास वाईट गेला. लोक यायचे, शेवंतीकडे बघायचे, मग आमच्याकडे बघून विचारायचे, “यांची फुलं अजून आली नाहीत का?” मामी फणकारल्या. मामा दर दहा मिनिटांनी शेवंती बघायला जायचे आणि परत येऊन म्हणायचे, “काय केलीय हो! जीव टाकलाय.”

मग एका लहान मुलीनं आयला विचारलं, “आजी, हे लाल काय आहे?” आयनं एक पान तोडून तिच्या हातावर ठेवलं. “खा.” मुलीनं खाल्लं आणि ओरडली, “आई, खारट आहे! झाडातच मीठ आहे!” तिच्या आईनं खाल्लं. मागच्या दोघांनी मागितलं. अर्ध्या तासात आमच्या टेबलापुढे रांग लागली. मामी पानं वाटत होत्या आणि भाजी कशी करायची ते सांगत होत्या, “उकडून पानी टाकायचं, मग कांदा, आनि वरनं मीठ अजाबात नाय!”

पंच आल्या, वनस्पतीशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. बोन्सायवर दोन मिनिटं, शेवंतीवर पाच. आमच्यापाशी आल्या आणि मारांडीसमोर थांबल्या. चष्मा काढला, पुन्हा लावला. “मी ही वीस वर्षं शिकवली,” त्या म्हणाल्या. “वाळवून कागदावर चिकटवलेली. कुंडीत फुललेली कधी बघितली नाही. कोणी जगवली?” मामांनी आयकडे बोट केलं. बाईंनी हात पुढे केला, तशी आय म्हणाली, “जपून गो बाय, काटे हायत.” मग त्या दोघी बोलत बसल्या. बरोबरचे दुसरे पंच घड्याळ बघत राहिले.

पहिला क्रमांक शेवंतीला मिळाला. मिळायलाच हवा होता, आणि सगळ्या मंडपात सर्वांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या त्या मामांनी. दुसरा आमचा. कुटुंबप्रमुखांनी मंचावर यावं असं पुकारलं. आयला एकटीला चढवेना म्हणून मामांनी हात धरला, तोल जाईल म्हणून दुसऱ्या बाजूनं मामींनी, पाट्या लिहिल्या म्हणून मुलीनं जायचं ठरवलं, आणि मामांनी वरून आम्हा तिघांना हाक मारली, “साहेब, या, तुमी काय परके?” मंच कुरकुरला. बक्षीस म्हणून पाण्याची पितळी झारी मिळाली. ती सात जणांनी मिळून धरली आणि तसाच फोटो निघाला.

खाली उतरल्यावर शेवंतीवाल्या बाई आल्या. त्यांनी आपल्याच फुलांची वेणी केली होती. ती त्या आयच्या केसांत माळायला लागल्या तशी आय मागे सरली. “नको गो, मला इधवेला कुठं…” चाळीस वर्षांत तिनं फूल माळलं नव्हतं. शेवंतीवाल्या बाई गोंधळल्या. मामींनी त्यांच्या हातून वेणी घेतली आणि सासूच्या अंबाड्यात सरळ खोवून टाकली. “झारी दोन हातांनी घेतलीत, मग हे पन घ्या,” त्या म्हणाल्या, नेहमीच्याच मोठ्या आवाजात, पण डोळे पुसत.

मामा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. निवृत्तीनंतर थोडेच दिवस मिळाले त्यांना, पण वाईट नव्हते. मामी, मुलगी, आता जावईही, सगळे अजून माघात रोह्याला येतात. आम्हीही जातो. त्यांच्याशिवायची मुकाट फेरी फार मुकाट असते. पण त्यांची आठवण काढायची झाली की मला आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा टेम्पो.

गावातल्या त्या टेम्पोत मागे आम्ही सातही जण, कुंड्या आणि तबकांच्या मधे बसलो होतो. नागोठणं मागे पडलं. ऊन कलतं झालं होतं. गडब गावापाशी चहासाठी थांबलो. टपरीवाली बाई ग्लास घेऊन मागच्या फाळक्यापाशी आली. तिनं आत बघितलं. फुलं, पानं, पितळेची झारी, नटलेली माणसं आणि सगळ्यांची हसून हसून दमलेली तोंडं.

“वऱ्हाड का वो?” तिनं विचारलं.

“व्हय,” मामा चटकन म्हणाले. “आमी मुलीकडचे.”

“आनि नवरी?”

मामांनी टेम्पोच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे बोचक्याला टेकून आय बसली होती, तांबडं नऊवारी, अंबाड्यात पिवळी शेवंती. टपरीवाली तोंडाला पदर लावून हसायला लागली. मामी हसल्या, माझी मुलगी लोळायची बाकी राहिली. आयनं लेकाकडे डोळे वटारले, “मेल्या,” म्हणाली आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. पण वेणी दिसत राहील, इतकाच.